गुरजी, जामीन ऱ्हावा

ती आमच्या ओट्याखाली उभी होती. पायरी चढली नव्हती. कडेवर शेंबडं पोर, हातात कसलासा कागद घडी घालून घालून पार मऊ झालेला. वडील नुकतेच शाळेतून आले होते, चपला काढत होते. ती म्हणाली, "गुरजी, तुमचा सातबारा हाय. पोराला जामीन ऱ्हावा."

तिचा मुलगा आमचंच घर फोडल्याच्या गुन्ह्यात आत होता.

ही १९९४ सालची गोष्ट. मी नववीत होते. वडील क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग वर्गात समजावतात तसं म्हणाले, "अहो बाई, मी फिर्यादी आहे. फिर्यादी माणूस आरोपीला जामीन राहत नसतो." तिला फिर्यादी म्हणजे काय ते कळलं की नाही देव जाणे. तिने एवढंच विचारलं, "मंग कोन ऱ्हातंय?"

वडिलांनी दार लावून घेतलं. आतल्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं आणि पुढची तीस वर्षं मी ते शोधते आहे असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

आधी चोरीचं सांगते, कारण ‘तुमच्या घरात शिरला असता म्हणजे कळलं असतं’ हे वाक्य मी आजवर पुष्कळदा ऐकलं आहे. आमच्या घरात शिरला होता. माण-खटावच्या बाजूचं आमचं गाव, घर गावाच्या कडेला, पलीकडे नुसता माळ. मार्चचा महिना, पाहुण्यांच्या लग्नाला सगळे गेलेलो. घरात एकटी आजी. मागच्या दाराची कडी उचकटून आत आले. आजीला जाग आली तेव्हा कुणीतरी तिच्या उशाशी बसून ट्रंकेचं कुलूप काढत होतं. तिने डोळे मिटून घेतले आणि मेल्यासारखी पडून राहिली. आजीची पुतळ्यांची माळ, आईच्या पाटल्या आणि वडिलांनी विहिरीच्या कामासाठी काढून ठेवलेले पैसे गेले. पुढचे तीन-चार महिने आजी रात्री पाणी प्यायलासुद्धा एकटी उठायची नाही. मांजराने भांडं पाडलं तरी आई दचकून उठून बसायची. ही भीती खोटी नव्हती. गुन्ह्याबद्दल सहानुभूतीने बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसांनी ही भीती आधी नीट मोजली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दोन दिवसांनी पोलीस माळावरच्या पालांवर गेले आणि तिघा पारध्यांना उचलून घेऊन आले. पारधीच का, हे गावात कुणी विचारलं नाही. चोरी झाली की पालांवर जायचं, हा रिवाजच होता. तिघांपैकी दोघांना सोडलं आणि एकाला ठेवलं. एकोणीस-वीस वर्षांचा, बारीक अंगाचा पोरगा. वडिलांना बोलावून विचारलं, "याला घराजवळ फिरताना बघितलंय का, गुरुजी?" वडील म्हणाले, "असेल."

असेल. एवढा एकच शब्द. वडील खोटं बोलणारे नव्हते. माळ घराला लागून, पालं माळावर, म्हणजे तो घराजवळून शंभरदा गेला असणारच. त्या शब्दावर एक जबाब उभा राहिला आणि त्या जबाबावर त्या पोराचे चौदा महिने.

चौदा महिने का? कोर्टाने जामीन दिला नाही म्हणून नव्हे. जामीन मंजूर झाला होता! तिच्या हातातला तो मऊ झालेला कागद म्हणजे जामिनाचा हुकूमच होता. अट अशी की ऐपतदार जामीनदार आणायचा. ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे, ज्याला तहसीलातून ऐपतीचा दाखला मिळतो असा. पालावर राहणाऱ्या बाईच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस कोण असणार? ज्याच्या रानात ती भांगलायला जायची त्याने हाकलून दिलं. दुकानदाराने हात वर केले. मग तिला कुणीतरी सांगितलं असावं की त्या केसमध्ये ज्या मास्तरांचं नाव आहे त्यांची जमीन आहे. म्हणून ती आली. लहानपणी मला ही तिची अडाणी समज वाटली होती. आज वाटतं, तिच्याकडचा तो एकमेव तर्कशुद्ध मार्ग होता.

दार लागल्यावर आजी आतून भाकरी आणि कोरड्यास घेऊन मागच्या दाराने वळसा घालून तिच्याकडे गेली. याच आजीची पुतळ्यांची माळ गेली होती. परत आली तेव्हा वडील तिच्यावर चिडले. आजी आटपाडीकडची, तिची भाषा शेवटपर्यंत बदलली नाही. म्हणाली, "आरं, आमच्याकडं सोतंतरपूरचं कैदी एकटं बाजाराला यायचं. खून केल्यालं. म्या त्येंच्याकडनं वांगी घेतल्याती. कुणी पळालं न्हाई."

मला तेव्हा वाटलं, म्हातारीच्या काहीतरी गोष्टी.

गोष्ट खरी होती. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. एकूण बहात्तर गावांचं, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे राजे म्हणून जुन्या माणसांना माहीत असतील. त्यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली, ही गोष्ट मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकांत जेमतेम एका ओळीची असते. या साऱ्यात मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर होते. भारतात येऊन भारतानंद झालेले. कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी उघड्या माळावर जमीन द्यावी, कुटुंबासह राहू द्यावं, राबू द्यावं, ही कल्पना त्यांची. राजांनी ती मानली. आटपाडीजवळच्या दुष्काळी माळावर वसाहत झाली आणि तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर! शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांना हा मुलूख घरचा. त्यांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा सगळ्यांनी बघितला. तो खऱ्या माळावर घडला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या आजीला सिनेमा ठाऊक नव्हता, वांगी ठाऊक होती.

ती वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. पैठणला, विसापूरला, मोर्शीला, येरवड्याला खुली कारागृहं आहेत. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून खुलं शिबिर आहे. कैदी सकाळी कामाला बाहेर जातात आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. परत का येतात, हा साधा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. भिंत नाही, बेडी नाही. येतात कारण बायकोमुलं तिथे आहेत, कमाई आहे, आणि परत येईल असं कुणीतरी आपल्याबद्दल धरून चाललं आहे. त्या शेवटच्या गोष्टीचं वजन मी फार मोठं मानते. भवानरावांनी काय केलं? सबंध संस्थानाचा सातबारा त्या माणसांच्या बाजूने मांडला. ते त्यांना जामीन राहिले.

मात्र इथेच मला एक गोष्ट कायम टोचत आली आहे. खुल्या कारागृहात जातो तो पक्का कैदी, शिक्षा लागलेला, काही वर्षं चांगली काढलेला. कच्च्या कैद्याला तिथे जागा नाही. म्हणजे खून शाबीत झालेला माणूस एक दिवस उघड्या आभाळाखाली बायकोच्या हातची भाकरी खाऊ शकतो, आणि ज्याच्यावर चोरीचा नुसता आरोप आहे असा पालावरचा पोरगा मात्र बराकीत, एका कुशीवर झोपायला जागा नाही अशा गर्दीत. कायद्याला याची कारणं असतील. त्या बाईला ती कुणी समजावून सांगू शकला असता असं मला वाटत नाही.

आणि हा काही एकट्या पोराचा अपवाद नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी बघा: देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. ज्यांचा गुन्हा अजून ठरलेला नाही अशांनीच आपले तुरुंग भरलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी आत आहेत ते धोकादायक म्हणून नव्हे, जामीनदार नाही म्हणून.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी आयुष्यभर पोलीस खात्यात राहिले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी बिहारचे तुरुंग बघितले आणि वर्तमानपत्रात लिहिलं. गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून जास्त वर्षं माणसं खटल्याविना आत होती. त्या लेखांवरून कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ चा हुसैनआरा खातून निकाल आला: खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे प्रकरण एका पोलिसाने उघडकीला आणलं याचं मला फार मोल वाटतं. सुधारणेची भाषा म्हणजे पोलिसांच्या विरुद्धची भाषा, असं आपल्याकडे धरून चालतात. ते खरं नाही.

पुढे कायदेही झाले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला जामीन द्यावा, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. जामिनाचे पैसे भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली, २०२३ मध्ये. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प तर १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर, त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतो आहे. कागद कमी नाहीत. कागद आणि बराक यांच्यामध्ये जो चालत जाणारा माणूस लागतो, तो कमी आहे.

पारधीच का, हा प्रश्न वर तसाच सोडला होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवलं. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही पत्त्यात येतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी! म्हणून विमुक्त जमाती ३१ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन मानतात. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावं तशीच राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कळलं की काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तोवर भटक्या जमातींना जवळजवळ जन्मजात सराईत मानणारी कलमं होती, झाडूकाम कुठल्या जातीने करायचं तेही होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. १९५२ ते २०२४. मोजा.

आता आमचं पुढे काय झालं ते. तारखा पडू लागल्या. वडील रजा टाकून एसटीने तालुक्याला जायचे, दिवसभर व्हरांड्यात बसायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. फिर्यादीला कुणी काही सांगत नाही, हे मी तिथे शिकले. मुद्देमाल मिळाला का, तपास कुठवर आला, कुणी साधं पत्रसुद्धा लिहिलं नाही. चोरी आमच्या घरात झाली, पण खटला सरकारचा होता. त्या सगळ्या काळात एकदा जरी कुणी आजीशेजारी येऊन बसलं असतं आणि म्हणालं असतं की आजी, त्या रात्री काय झालं ते सांगा, तुम्हाला काय हवं आहे ते सांगा, तर तिची अर्धी भीती गेली असती. तिला माळ हवी होती, ती तिच्या आईची होती. आणि तिला खात्री हवी होती की पुन्हा कुणी येणार नाही. पोराला कोंडून यांतलं एकही तिला मिळालं नाही. माळ मिळाली नाही. आणि खरा चोर तोच होता की दुसरा कुणी, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि व्यवस्थेने माहीत करून घेण्याचे कष्टही घेतले नाहीत.

शेवटी पंच फितूर झाले, म्हणजे खरं तर त्यांनी सांगितलं की आम्ही कोऱ्या कागदावर सह्या केल्या होत्या. वडिलांना साक्षीला उभं केलं. आरोपीला ओळखता का? वडील म्हणाले, "नाही. मी त्या रात्री घरात नव्हतो." त्या एका ‘असेल’ची दुरुस्ती करायला त्यांना चौदा महिने लागले. पोरगा सुटला. तो सुटला तेव्हा माळावर पालं नव्हती. त्याच्या आईने त्याला कुठे गाठलं, गाठलं की नाही, काही कळलं नाही. आम्ही मात्र तोवर खिडक्यांना जाळ्या बसवल्या होत्या, मागच्या दाराला लोखंडी पट्टी मारली होती, आणि आजी तरीही रात्री उठत नव्हती.

पुढे कॉलेजात असताना भिवंडीबद्दल वाचलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये तिथे सुरेश खोपडे उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या. गल्लीगल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांच्यात बसणारा पोलीस. बोलणं कशाचं? नळाचं, गटाराचं, नवराबायकोच्या भांडणाचं, पोरांच्या मारामारीचं. वर्षानुवर्षं असं बसल्यावर पोलिसाला गल्ली नावानिशी ठाऊक झाली आणि गल्लीला पोलीस. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली. भिवंडी पेटली नाही. पुढे मुंबईनेही हा धडा घेतला. ज्या गावाला ‘दंगलखोर’ म्हणून वहीत टाकलं होतं, त्या गावाने आपल्याच गल्ल्यांची हमी घेतली. कायदा-सुव्यवस्थेच्या नावाने आपण अधिक कॅमेरे, अधिक कोठड्या, अधिक कडक कलमं मागतो. भिवंडीने जे मागितलं ते स्वस्त होतं आणि फार कष्टाचं होतं. रोज संध्याकाळी येऊन बसायचं.

आमच्या माळावरच्या पालांत कुणी शिपाई कधी नुसता जाऊन बसला असता, तर चोरीनंतर तिथल्याच कुणी येऊन खरं सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. पालांवर तो जायचा ते फक्त उचलायला.

मागच्या वर्षी मी एका मुलाला जामीन राहिले. पुण्यातली एक वकील मैत्रीण कारागृहातल्या कच्च्या कैद्यांची कामं करते. मोबाईल चोरीची केस, मुलगा बाहेरगावचा, आईबाप मजुरीला, जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले, जामीनदार नाही. मी गावाकडे गेले, तलाठ्याकडून सातबारा काढला, तहसीलात ऐपतीच्या दाखल्यासाठी दोन खेपा घातल्या. कोर्टात कारकून म्हणाले, "जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, चालायची नाही." मैत्रिणीने मोती राम खटल्याचा निकाल पुढे केला. १९७८ चा, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. एका गरीब गवंड्याचा जामीनदार त्याचा भाऊ होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं जुना निकाल, तरी तो सांगावा लागला. मग अर्ज घेतला. आरोपीशी नातं काय, असं कारकुनांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि तसंच लिहिलं.

वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. जमीन त्यांनी माझ्या नावावर केली त्याला बरीच वर्षं झाली, पण तो सातबारा तोच, ज्याचं नाव ती बाई घेत होती. मी घाबरतच त्यांना सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. माळाच्या बाजूला बघत होते. तिथे आता पालं नाहीत, डाळिंबाची बाग आहे.

मग म्हणाले, "तारखेला येतो का तो?"

"येतो."

"प्रत्येक?"

"आत्तापर्यंत प्रत्येक."

त्यांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने विचारलं, "पुढची कधी आहे?"